अकरा वाजताची हवा

माझ्या मुलीने छातीत घेतलेली हवा तुम्ही बदललीत. घेतली तिने, आकडा लिहिलात तुम्ही. तो आकडा कुणी मोजलेला नाही. तुमच्या मशीनने तो मनाने रचला, तुम्ही त्याखाली शिक्का मारलात आणि मला कळवलंत की त्या मंगळवारी अकरा वाजता आमच्या पुएर्तो लुकुमो गावाची हवा चांगली होती. एवढं सरळ खोटं मला माझ्या पळून गेलेल्या नवऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं. तो निदान खोटं बोलताना खाली बघायचा.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. कारण तुमच्या हवा मोजणाऱ्या खात्याकडे जे लिहिलेलं आहे ते वाचणाऱ्याला वाटेल, त्या दिवशी इथे काही झालंच नाही.

मी यास्ना. धक्क्यावर शिंपले सोलते. त्या दिवशी धुकं उशिरा उठलं, आणि उठता उठता वास आला. विझलेल्या काडीचा वास, आणि जिभेवर नाणं चघळल्यासारखी चव. आमच्याकडे तान्ह्या पोरालाही हा वास कळतो. पलीकडच्या टेकाडावर तांबं वितळवायची भट्टी आहे, तिचं धुराडं आहे, आणि वारा फिरला की ते धुराडं सरळ आमच्या घरात येऊन बसतं. धक्क्यावरच्या बायांनी ओले रुमाल तोंडाला बांधले आणि पुन्हा सोलायला लागल्या. मी पण. मग शाळेची घंटा वाजली.

विजेची घंटा नाही, हातातली. शाळेच्या शिपायाची, नोल्बेर्तोची. म्हणजे लाईट गेलेली होती. म्हणजे त्याने मेन स्विच खाली ओढला होता.

हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमची जमीन हलते. हलली की समुद्र येऊ शकतो. म्हणून बालवाडीतल्या पोराला अक्षर यायच्या आधी हे येतं: आधी लाईट बंद, मग गॅसची चावी बंद, मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून टेकडीवर. मागे वळून बघायचं नाही. दप्तर घ्यायचं नाही. वर्षातून कितीदा तरी सराव होतो, तुमचेच साहेब येऊन घड्याळ लावून बघतात आणि शाबासकी देऊन जातात. काहीही झालं, आग लागली, पाइप फुटला, वेडा कुत्रा शिरला, तरी आमची शाळा हेच करते. आमच्या पायांना एकच वाट माहीत आहे. वर.

वायू आला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. खिडक्या लावा, आत बसा, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबा, धावू नका, एवढं सांगायला काय लागत होतं? पण तसं सांगायचं म्हणजे वायू येतो हे मान्य करायचं. ते तुम्हाला परवडत नव्हतं. म्हणून नोल्बेर्तोने त्याला शिकवलं होतं तेच केलं, आणि पोरांनीही त्यांना शिकवलं होतं तेच केलं. खांद्यावर हात ठेवून, त्या वायूतून, धापा टाकत टेकडी चढली.

मी पोचले तेव्हा ती तिसऱ्या वळणावर होती, जिथे बुडालेल्या कोळ्यांसाठी क्रूस रोवलाय तिथे. माझी अनाइस. दहा वर्षांची. क्रूसाच्या चौथऱ्याला टेकून बसवलेली, ओठ निळे, डोळे उघडे पण बघत नव्हते. आजूबाजूला पोरं ओकत होती. नोल्बेर्तो तिच्या तोंडाला आपल्या टोपीने वारा घालत होता. कुठला वारा? तोच वारा.

"बोल गं पोरी," तो म्हणत होता, "काकाला काहीतरी बोल. शिवी दे. काहीही दे."

शाळेत सगळी पोरं त्याला काका म्हणतात. शिपाई, माळी, गवंडी, सगळं तोच. स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहतो, बायको वारल्यापासून एकटा.

दवाखान्यात गादी एक आणि पोरं बारा-तेरा. डॉक्टर तुमचाच, जिल्ह्याहून पाठवलेला. त्याने अनाइसला ऑक्सिजन लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघा, या वयात मुली एकमेकींचं बघून पडतात. एक पडली की दुसरी. मनाचं असतं."

"मनाने ओठ निळे होतात?"

"तुम्ही शांत व्हा. आई घाबरली की मूल जास्त घाबरतं."

म्हणजे तेही माझ्यामुळेच.

त्या दिवसापासून अनाइसच्या छातीत शिट्टी वाजते. जिना चढताना मधे थांबते आणि थांबल्याचं लपवायला बुटाची नाडी बांधायला वाकते. खेळाच्या तासाला बाकावर बसते आणि दुसऱ्यांचे स्वेटर सांभाळते. राजधानीच्या मोठ्या रुग्णालयात फुप्फुसांचा विभाग आहे, तिथे अशा मुलांवर नीट उपचार होतात, फुकट होतात. फक्त मुलाचं नाव बाधितांच्या यादीत लागतं. आणि यादीत नाव घालायला तुम्हाला म्हणावं लागतं की हो, त्या दिवशी तिथली हवा वाईट होती.

तुम्ही म्हणालात, चांगली होती. अकरा ते बारा, हवेतल्या गंधकवायूचा आकडा: अडतीस. साडेतीनशेच्या वर गेला तर हवा वाईट म्हणायची. अडतीस म्हणजे, तुमच्याच शब्दात, "उत्तम."

मी तो कागद नोल्बेर्तोला दाखवायला गेले तेव्हा तो कोबीच्या वाफ्याला पाणी घालत होता. त्याने नाकावर चष्मा चढवला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"अकरा वाजता?"

"अकरा वाजता."

"अगं, अकराला यंत्र बंद होतं."

"कुठलं यंत्र?"

त्याने पाण्याचा पाइप तसाच स्वयंपाकघरामागच्या पांढऱ्या पेटीकडे वळवला. हवा मोजायचं केंद्र. मी ती पेटी रोज बघते, पण ते पाण्याच्या टाकीचं काही असेल असं समजत होते. "ती शाळेच्या लाईनवर आहे. मेन पाडला की ही पण बंद. बारा वाजून गेल्यावर मी लाईट सुरू केली. मग हे अडतीस कुणी मोजलं, माझ्या कोंबड्यांनी?"

"तिला बॅटरी नसते?"

"होती. फुगली म्हणून घेऊन गेले. नवी येते आहे म्हणाले, त्याला आठ हिवाळे झाले. चालत येत असेल बिचारी."

आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, झालं काम. चूक सापडली. आता पत्र लिहायचं, साहेब, यंत्र बंद होतं, तुमचा आकडा चुकलाय, एवढंच. किती बावळट असतो माणूस.

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तुम्ही एक इंजिनिअर पाठवलीत. रेनाता ओस्सांदोन नाव. बारीक, केस कापलेले, पायात डोंगर चढायचे बूट, जणू आम्ही हिमनदीवर राहतो. वाईट नव्हती, हे आधीच सांगते. शाळेच्या जेवणाच्या खोलीत सभा भरली. तिने भिंतीवर चित्र पाडलं: एक निळी रेघ, वर खाली जाणारी, मधे मधे तुटलेली. आणि तुटल्या जागी नारिंगी रेघ.

"निळं मोजलेलं आहे," ती म्हणाली. "यंत्र कधी बंद पडतं, कधी दुरुस्तीला काढतात, तेव्हा मधे भोकं राहतात. भोकं ठेवून वर्षाची सरासरी काढता येत नाही, म्हणून ती भरावी लागतात. पूर्वी आम्ही दोन्ही टोकं सरळ रेघेने जोडायचो. आता हे काम न्यूरल नेटवर्क करतं."

"ते काय असतं?" मासेवाल्या एदेल्मिराने विचारलं. ती कुठल्याही सभेत पहिला प्रश्न विचारते, मग तो गर्भपाताचा असो की गटाराचा.

"शिकणारा प्रोग्राम समजा. त्याला आम्ही या केंद्राचे आठ वर्षांचे आकडे दाखवलेत. शिवाय वारा, थंडी, टेकडीपलीकडच्या केंद्राची हवा. ते बघून बघून त्याला इथल्या हवेची चाल समजली. आता एखादा तास गायब असला की तो आधीचे तास बघतो, नंतरचे बघतो, आणि सांगतो तिथे काय असायला हवं होतं."

"असायला हवं होतं," मी म्हणाले, "की होतं?"

"जवळपास सारखंच असतं ते. आम्ही तपासतो ना. जे आकडे आमच्याकडे आहेत त्यातलेच काही मुद्दाम झाकतो आणि त्याला ओळखायला लावतो. शंभरातले चौऱ्याण्णव बरोबर येतात."

मागून नोल्बेर्तो बोलला. "मॅडम, माझी सासू अगदी अशीच आहे. राहते दूर ताल्का शहरात, आणि माझ्या घरात काल काय झालं ते मलाच सांगते. 'सकाळी तू उठलास, चहा घेतलास, कोंबड्यांना घातलंस.' सगळं बरोबर! चुकते फक्त ज्या दिवशी खरंच काही झालेलं असतं त्या दिवशी."

खोली हसली. एदेल्मिरा टेबल बडवून हसली. रेनाताही हसली, आणि हसता हसता तिचं हसू कुठेतरी अडकलं. मी बघत होते. तिने नोल्बेर्तोकडे बघितलं.

"काका, तुम्ही मेन स्विच कधी बंद करता?"

"वास आला की."

"दर वेळी?"

"दर वेळी. नाहीतर काय करू, गिटार वाजवू?"

"सुट्टीच्या दिवशी शाळेत कुणी नसतं तेव्हा?"

"मी असतो की. मी इथेच राहतो. वास आला की लाईट बंद, गॅस बंद, आणि मी माझ्या कोंबड्या घेऊन वर. तुम्ही या एकदा, बघा, मिरवणूक असते."

पुन्हा हशा झाला, पण आता रेनाता ऐकत नव्हती. ती भिंतीकडे वळली. तिने ती रेघ मागे नेली, गेल्या हिवाळ्यात, त्याच्या आदल्या हिवाळ्यात. जिथे जिथे भोक होतं तिथे थांबायची. निळी रेघ भोकाच्या आधी किंचित मान वर करायची, साप डोकं उचलतो तशी, आणि तुटायची. पुढे नारिंगी. गुळगुळीत, गुणी, खाली येणारी. मग परत निळी. आणि पुन्हा तेच.

"त्याने कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. आमच्याशी नाही, भिंतीशी.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "काय नाही बघितलं?"

"घाण तास. एकही. आठ वर्षांत." ती रेघेवर बोट फिरवत होती. "जेव्हा जेव्हा हवा खराब झाली तेव्हा यंत्र बंद होतं. आम्ही त्याला फक्त चांगले तास दाखवलेत. त्याला वाटतं हवा अशीच असते."

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

"परीक्षाही चांगल्याच तासांवर झाली."

मला ते कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. ज्याने विष कधी बघितलं नाही त्याला विष ओळखायला बसवलंत, आणि त्याने ओळखलं नाही म्हणून विष नव्हतंच असं लिहिलंत. एवढंच.

त्या रात्री गाव जेवलं ते भाषणं देत देतच. एदेल्मिराने मला राखून ठेवलेला चांगला मासा दिला, अनाइसच्या गालावर माशाचा वास ठेवून पापी घेतली, म्हणाली, "झालं पोरी, आता राजधानीला जायचं. तिथे लिफ्ट असते, जिने नसतात." अनाइस म्हणाली, "मग मी बूट बिननाडीचे घेईन." तेव्हा मला कळलं की तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

रेनाता जाताना दारात म्हणाली, "मी लिहिते. जे बघितलं ते सगळं लिहिते." तिने लिहिलंही. ते मला नंतर कळलं. तिने लिहिलं, की नेटवर्कचा दोष नाही, शिकवणाऱ्याचा आहे. आणि शिकवणारे म्हणजे तुम्ही.

मग तुम्ही मला बोलावलंत.

आठवतंय? सहाव्या मजल्यावरची खोली, भिंतीवर स्वच्छ समुद्राचा फोटो. आमच्या समुद्राचा नाही. मला कॉफी विचारलीत. "बाई" नाही म्हणालात, "यास्नाताई" म्हणालात, जसं काही आपण एका आईचे. म्हणालात, मुलीचं ऐकून फार वाईट वाटलं. म्हणालात, मलाही मुलगी आहे. मी विचारलं, कुठे राहते? तुम्ही विषय बदललात.

मग टेबलावर कागद सरकवलात. "असं बघा. केंद्राचा वीजपुरवठा एका कर्मचाऱ्याने परवानगी नसताना तोडला, असा जबाब आला, तर तो तास आम्हाला अवैध ठरवता येतो. तास अवैध ठरला की अडतीसचा आकडा गळून पडतो. मग तुमचं प्रकरण परत उघडता येईल. फक्त एक सही."

"कर्मचारी म्हणजे नोल्बेर्तो."

"नाव तुम्ही घालायचं. आम्ही कुणाचं नाव घेत नाही."

"त्याने पोरांना बाहेर काढलं."

"त्याबद्दल त्याचं कौतुकच आहे. पण सरकारी यंत्राची वीज..."

"बॅटरी कुठे आहे?"

"खरेदीच्या प्रक्रियेत आहे."

किती छान बोलता हो तुम्ही. शिंपल्याला सुरी लावायच्या आधी आम्ही असंच फट शोधत बोट फिरवतो. माझी फट तुम्हाला बरोबर सापडली होती. मला एक मुलगी आहे आणि नोल्बेर्तो माझा कुणी नाही. तुम्ही हिशोब केलात, की आई आहे, सही करेल.

मी सही केली नाही. कॉफी प्यायले, कारण ती गरम होती आणि बस लांबची होती, आणि उठले. जिना उतरताना मात्र मला माझीच शरम वाटत होती, आणि ती शरम नोल्बेर्तोसाठी नव्हती. अनाइससाठी होती. एका सहीवर तिची शिट्टी थांबली असती, आणि मी माणुसकी दाखवून आले होते. माणुसकी माझी, छाती तिची. त्या बसमध्ये मी तुम्हाला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. तुम्हाला त्या आवडल्या असत्या. मग तुम्हाला म्हणता आलं असतं, बाई असभ्य आहे.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. ती कशी पोचली ते तुम्हाला माहीत असेल. आणि गाव फाटलं. ज्यांची पोरं त्या दिवशी ओकली होती त्यातले निम्मे माझ्या दारात आले. "तू सही केली नाहीस म्हणजे आमच्या पोरांचंही राहिलं." एकजण तर म्हणाला, "तो म्हातारा पाडतोच कशाला लाईट? त्याच्यामुळे आठ वर्षं पुरावा गेला!" एदेल्मिराने त्याच्या अंगावर माशाच्या पाण्याची बादली रिकामी केली, पण तिच्याही डोळ्यात मी तेच बघितलं. तिचा नातू त्या बारा-तेरांतला आहे.

एवढं काम तुम्ही एका कागदावर केलंत. धुराड्याला शिव्या घालणारं गाव शाळेच्या शिपायाला शिव्या घालायला लागलं.

नोल्बेर्तो संध्याकाळी चहाला आला. सोबत पाव आणि त्याच्या झाडाचे दोन आवोकाडो, पिकलेले. मी ते पावावर चुरडले, मीठ घातलं. अनाइस त्याच्या मांडीला टेकून बसली. त्याने पावाचा एक तुकडा तिला भरवला. मग म्हणाला,

"मी सही करून आलो."

"कुठे?"

"मुख्याध्यापिका बाईंकडे कागद आला होता. तुझ्याऐवजी मीच लिहून दिलं. हो, मी पाडला मेन. परवानगी नव्हती. परवानगी कुणाकडे मागायची, धुराड्याकडे?"

"तुला काढून टाकतील, गाढवा."

"काढतील. खोलीपण जाईल. ताल्काला जाईन सासूकडे. तिला तर आधीच माहीत असेल मी येणार ते."

"तू असं का केलंस?"

त्याने अनाइसच्या डोक्यावर हात ठेवला. "शाळेत सगळीच मला काका म्हणतात, ते सोड. ही घरी पण म्हणते." मग तिला म्हणाला, "पुढच्या वर्षी जिना धावत चढून दाखवायचा. नाहीतर कोंबड्या परत घेईन." कोंबड्या तो तिला देऊन जाणार होता, हे आम्हाला असं कळलं.

पंधरवड्यात त्याला काढलं. तो गेला त्या दिवशी त्याला शिव्या घालणारे सगळे बसथांब्यावर हजर होते, कुणी सुकवलेला मासा घेऊन, कुणी लोकरीचं पांघरूण घेऊन. त्याने सगळं घेतलं. एदेल्मिराला म्हणाला, "एवढं प्रेम आधी दाखवलं असतंस तर लग्न केलं असतं." ती रडली आणि त्याला एक सणसणीत शिवी दिली.

आणि मग तुमचं उत्तर आलं.

हे मात्र मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, एवढे निर्लज्ज तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं. तुम्ही शब्द पाळलात. तो तास अवैध ठरवलात. अडतीस गळून पडला. आणि मग, नियमाप्रमाणे, मोजमाप नसलेला तास भरून काढावा लागतो म्हणून तो पुन्हा त्याच नेटवर्ककडे दिलात. या वेळी त्याने सांगितलं, एकेचाळीस. हवा: उत्तम. अर्ज: नामंजूर.

मी रेनाताला फोन केला. तिने उचलला, हे तिच्या बाजूने सांगते.

"ताई, मला त्या कामावरून काढलंय. मी आता पावसाचे आकडे बघते."

"पावसातही भोकं असतात?"

"असतात."

"भरता?"

मग म्हणाली, "मी लिहिलं होतं की ते तास रिकामे ठेवा. रिकामा तासही माहिती असते. मला सांगितलं की रिकामी जागा अहवालात चांगली दिसत नाही."

चांगली दिसत नाही! माझी मुलगी निळी पडलेली कशी दिसत होती हे बघायला तुमच्यातला कोणी आला होता का?

आता पुढचं ऐका, कारण हे अजून संपलेलं नाही, आणि तुम्हाला वाटतंय तसं संपणारही नाही. तुम्ही गावाला इशारा देणारी नवीन सोय आणलीत. फोनवर एक ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे खुशाल फिरा, लाल म्हणजे आत बसा. फीत कापायला तुमचा माणूस आला, पोरांना टोप्या वाटल्या. हा ठिपका कशावर चालतो हे मी विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं: आठ वर्षांच्या अखंड आकड्यांवर. एकही भोक नाही. यंत्र बंद असलं तरी ठिपका चालू राहतो, नेटवर्क तेवढ्यापुरतं सांभाळून घेतं.

तुम्ही आधी मागचे तास भरलेत. आता चालू तास भरताय.

शाळेत नवा शिपाई आलाय. तरुण आहे, आमच्याच किनाऱ्यावरचा. त्याला लेखी ताकीद आहे, की मेन स्विचला हात लावायचा नाही. गेल्या आठवड्यात धुकं उठता उठता वास आला. काडीचा वास, नाण्याची चव. बॅटरी अजून आलेली नाही. त्या पोराने काय केलं असेल? त्याला जे आईच्या मांडीवर शिकवलंय तेच. हात आधी लाईटकडे गेला. मग गॅसची चावी. मग घंटा. त्याचाही दोष नाही. त्याचे पायही इथलेच आहेत.

मी धक्क्यावरून पळाले. पळताना फोन काढून बघितला. ठिपका हिरवा होता. तिसऱ्या वळणावर क्रूसापाशी पोरं खांद्यावर हात ठेवून उभी होती, आणि अनाइस रांगेत नव्हती. ती चढलीच नव्हती. मी खाली शाळेत धावले. तिने एकटीने ठरवलं होतं. वर्गाच्या खिडक्या लावून, दाराच्या फटीत दुसऱ्यांचे स्वेटर कोंबून, बाकाखाली बसली होती. मला बघून म्हणाली, "आई, दार लाव पटकन. वारा येतो."

दहा वर्षांच्या पोरीने भोगून शिकलं ते तुमचं नेटवर्क आठ वर्षांत शिकलं नाही, कारण तुम्ही त्याला ते दाखवलं नाहीत. आणि ती शिकली त्याची फी तिने छातीने भरली.

त्या दिवसाचा आकडाही आलाय. छत्तीस. उत्तम.

मी तुमच्याकडे आता यादीत नाव मागत नाहीये असं समजू नका. मागतेच आहे. नोल्बेर्तोची नोकरी मागतेय, त्याची खोली मागतेय, बॅटरी मागतेय, आणि वायू आला तर आत बसायचं हे पोरांना शिकवायला एक माणूस मागतेय. पण त्याच्या आधी एक गोष्ट करा, तिला खर्च नाही. त्या मंगळवारी अकरा वाजताचा तुमचा एकेचाळीस खोडा. त्या जागी दुसरा मोठा आकडा लिहा असं मी म्हणत नाही, कारण तो मलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. म्हणून तिथे काही लिहू नका. ते भोक भोक राहू द्या, म्हणजे वाचणारा तिथे अडखळेल आणि विचारेल, इथे काय झालं?

आणि ते खोडायचं नसेल तर मला एवढं सांगा. त्या तासात क्रूसाजवळ तेरा पोरं श्वास घेत होती. तुम्ही सहाव्या मजल्यावर होतात. तुमचं मशीन कुठेच नव्हतं. मग ती हवा कशी होती हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत? नाव सांगा. ज्याच्या छातीत ती हवा गेली होती अशा एकाचं तरी नाव सांगा.

उत्तर तुम्ही स्वतः लिहा. मशीनकडून भरून घेतलेलं मला नको.